आत्महत्या, निराशा आणि मागे राहिलेले आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात आधी एक. तुम्ही हे दुसऱ्या कोणासाठी नाही तर स्वतःसाठी वाचताय आणि आजची रात्र निघणं कठीण वाटतंय, तर बाकीचं नंतर वाचा. १४४१६ लावा. टेलिमानस म्हणून सरकारी लाइन आहे, पैसे लागत नाहीत, रात्री तीनलासुद्धा चालू असते आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर "मला जगावंसं वाटत नाहीये" एवढं एक वाक्य पुरतं, पुढचं ते विचारतात. घरात जो कोणी असेल त्याला उठवा, झोपमोड झाली तर होऊ दे. जिवाला लगेच धोका असेल तर ११२ किंवा १०८.

तुम्ही कोण? डॉक्टर आहात का?

नाही. मी एका गेलेल्या माणसाची धाकटी बहीण आहे. माझा दादा २०११ मध्ये गेला, शेती करायचा, लातूर जिल्ह्यात आमचं गाव. नंतर मी पुण्यात आले आणि काही वर्षांनी फोनवर लोकांचं ऐकून घेण्याचं काम शिकले, आठवड्यातून दोन संध्याकाळी करते. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि जे मी स्वतः तेव्हा विचारत होते पण कोणाला विचारायचं ते कळत नव्हतं, ते इथे लिहिलेत. दादा कसा गेला हे मी कुठेच लिहिणार नाही आणि कृपया विचारू नका. असे तपशील वाचून आधीच कडेला उभा असलेला माणूस आणखी पुढे ढकलला जातो हे नीट अभ्यासलेलं आहे, म्हणूनच पेपरवाल्यांनी पद्धत, जागा, चिठ्ठी यांचं वर्णन छापू नये असं प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये सांगितलं. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवणाऱ्यांनाही तेच लागू आहे असं मी मानते.

आत्महत्या पाप आहे का हो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा माणूस जवळजवळ नेहमी आई, बायको किंवा बहीण असते. म्हणजे तिला धर्मशास्त्र नको असतं, तिला विचारायचं असतं की माझं माणूस आत्ता कुठे आहे, त्याला तिथेही त्रास होतोय का.

तरी शास्त्राचं सांगते, कारण अर्धवट ऐकलेलं शास्त्र घरात फार दुखवतं. दादाच्या दहाव्याला एका नातेवाइकाने ऐकवलं होतं की उपनिषदात लिहिलंय, असे लोक अंधाऱ्या लोकात जातात. मी ते कितीतरी वर्षं उराशी घेऊन फिरले. मग एकदा एका संस्कृतच्या सरांना विचारलं. ईशावास्यात तिसरा मंत्र आहे, त्यात "आत्महनो जनाः" असे शब्द आहेत हे खरं, पण शंकराचार्यांनी त्याचा अर्थ जीव देणारे असा केलेलाच नाही. आत्म्याला न ओळखता जगणारे, अज्ञानात राहणारे, ते आत्महन. म्हणजे त्या अर्थाने बघितलं तर तो मंत्र तुमच्याआमच्याबद्दल आहे, दादाबद्दल नाही. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर बसून रडले.

धर्मशास्त्रात आत्महत्येला दोष मानलाय, अशा माणसाचे विधी करायचे की नाही यावर कडक वचनं आहेत, हे लपवत नाही. इस्लाममध्ये ती हराम आहे, पण म्हणून जनाज्याची नमाज नाकारायची नाही असं बहुतेक उलेमा सांगतात. गोव्यातल्या आमच्या एका मैत्रिणीच्या आजोबांच्या वेळी असं कोणी गेलं तर चर्चच्या दफनभूमीत जागा मिळत नसे. १९८३ च्या नव्या चर्च कायद्यात ती बंदी राहिली नाही, आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीत स्पष्ट म्हटलंय की भयंकर मानसिक त्रास, भीती किंवा यातना असतील तर त्या माणसाची जबाबदारी कमी होते, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. म्हणजे धर्मसुद्धा हळूहळू या दिशेने आलेत. जीव मोलाचा आहे हे सोडायचं नाही पण ज्याचा गेला त्याला दगड मारायचे नाहीत.

माझं मत विचाराल तर पाप करायला निवड लागते. समोर दहा रस्ते दिसत असताना वाईट रस्ता धरला तर पाप. ज्याला एकच रस्ता दिसत होता, आणि तोही खरा नव्हता, आजाराने आणि थकव्याने दाखवलेला होता, त्याला काय पापी म्हणायचं.

पण भ्याडपणा तर आहे ना? लढायचं सोडून पळून जाणं?

दादाने तीन वर्षं लागोपाठ गेलेलं पीक बघितलं, एका उन्हाळ्यात विहिरीसाठी दोनदा खोदाई केली, धाकट्या बहिणीचं म्हणजे माझं कॉलेज केलं, आणि या सगळ्यात रोज पहाटे पाचला उठून म्हशी काढल्या. तो पळपुटा नव्हता. जे लोक आयुष्यभर कधी रडले नाहीत, कधी कोणाकडे हात पसरला नाही, तेच बरेचदा शेवटी असे कोसळतात, कारण मदत मागायची सवयच नसते. "मर्दासारखा राहा" हे वाक्य ज्याने शोधलं त्याला माहीत नसेल पण आपल्या देशात आत्महत्येने जाणाऱ्या दर शंभरात सत्तरच्या वर पुरुष असतात.

मग स्वार्थी? मुलाबाळांचा विचार केला नाही.

मला हा राग कळतो, वहिनीच्या तोंडून मी तो ऐकलाय आणि तिला तो अधिकार होता. पण फोनवर जे लोक टोकाला असताना बोलतात त्यांच्याकडून मी बरोबर उलटं ऐकते. "मी सगळ्यांना ओझं झालोय." "माझ्याशिवाय ते सुखी होतील." म्हणजे त्यांच्या डोक्यात मुलाबाळांचाच विचार चाललेला असतो, फक्त तो विचार पार उलटा झालेला असतो. निराशा माणसाला खोटं सांगते आणि त्याच्याच आवाजात सांगते, म्हणून ते खोटं आहे हे ओळखता येत नाही. आपण त्याला स्वार्थी म्हटलं की त्याच्या मनातलं "मी वाईट आहे" हे वाक्य आणखी पक्कं होतं, बाकी काही होत नाही.

ज्ञानेश्वर माऊलींची समाधी, सावरकरांचं प्रायोपवेशन, जैनांची सल्लेखना (दोन्ही म्हणजे अन्न सोडून देह ठेवणं), हे पण तेच ना? मग ते मोठं आणि हे वाईट कसं?

या प्रश्नावर वाद घालण्यात लोकांना फार रस असतो. माऊलींनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, सावरकरांनी १९६६ मध्ये जाण्याआधी आत्महत्या आणि आत्मार्पण वेगळं असं लेखात मांडलं होतं, सल्लेखनेबद्दल २०१५ मध्ये राजस्थान हायकोर्टाने ती गुन्हा ठरवली आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. ज्यांनी त्यांचं समर्थन केलं त्यांचं म्हणणं एवढंच की काम पूर्ण झालं, आता मन शांत आहे, काही मिळवायचं राहिलं नाही. ते पटो न पटो. पण हॉस्टेलच्या खोलीत नापासाचा निकाल हातात धरून बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराची गोष्ट ती नाहीच, त्याचं काहीच पूर्ण झालेलं नसतं, त्याचं मन शांत नसतं, ते जळत असतं. त्याच्या हातात हे मोठे शब्द देऊ नका. फोनवर एका मुलाने मला "मी आत्मार्पण करतोय" असं म्हटलं होतं. आम्ही दीड तास बोललो, शेवटी तो म्हणाला मला फक्त घरी जायचंय पण बाबा बोलणार नाहीत माझ्याशी.

साने गुरुजींचं मला वेगळं सांगावंसं वाटतं कारण ते आपल्या घरातले वाटतात. १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले आणि ते झालं. गांधीजींचा खून झाल्यावर एकवीस दिवस उपास केला. आणि ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं, पन्नास वर्षांचे होते फक्त. हजारो मुलं ज्यांना आईसारखं मानायची तो माणूस स्वतःच्या मनातल्या काळोखात एकटा पडला. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांच्या मोठेपणामुळे तो शेवट मोठा होतो असंही म्हणू देणार नाही. ते आणखी वीस-पंचवीस वर्षं हवे होते आपल्याला. आणि मला सारखं वाटतं, त्या आठवड्यात कोणी त्यांच्याजवळ बसून विचारलं असतं तर.

निराशा आणि नेहमीचं उदास वाटणं यात फरक काय?

उदास माणसाला उद्या दिसतो, नको असतो पण दिसतो. निराश माणसाला उद्या दिसतच नाही. झोप उडते किंवा नुसता झोपून राहतो, जेवण उतरत नाही, आवडीचं काम समोर असलं तरी हात जात नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला औषध असतं, जसं शुगरला असतं तसं. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जाणं म्हणजे वेडा ठरणं नाही.

आपल्याकडे निराशेचं सगळ्यात अचूक वर्णन गीतेच्या पहिल्या अध्यायात आहे, आणि आपण तो अध्याय सोडून पुढे पळतो. अर्जुन म्हणतो हातपाय गळालेत, तोंड कोरडं पडलंय, अंगाला कंप सुटलाय, अंगाची आग होतेय, धनुष्य हातातून निसटतंय, मन भिरभिरतंय, उभं राहवत नाही. आज कोणी ही लक्षणं फोनवर सांगितली तर मी लगेच सावध होईन. आता पुढचं बघा. कृष्ण आधी काय करतो? ओरडतो. हे नामर्दपण तुला शोभत नाही, मनाचा हा दुबळेपणा टाक, ऊठ. आपण सगळे जे करतो तेच. आणि त्याचा उपयोग होत नाही! अर्जुन "मी लढणार नाही" म्हणून गप्प बसतो. मग पुढे अठराव्या अध्यायापर्यंत नुसतं बोलणं आहे, तो शंका विचारतो, हा उत्तर देतो, तो पुन्हा तेच विचारतो, हा पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगतो, दोन सैन्यं समोर उभी असताना. रथ सोडून कृष्ण कुठे जात नाही. एका दटावणीने साक्षात त्याचं काम झालं नाही तर आपल्या "टेन्शन घेऊ नकोस रे" ने कसं होईल.

मला असे विचार येतात. म्हणजे मी वाईट आहे का, वेडी आहे का?

दोन्ही नाही. हे विचार येणारे लोक खूप आहेत, त्यातले बहुतेक कोणालाच सांगत नाहीत, आणि त्यातले बहुतेक पुढे जगतातही. विचार येणं हा गुन्हा नाही, ताप येणं जसं गुन्हा नाही. पण ताप चढत असेल तर अंगावर काढायचा नाही. एका माणसाला सांगा. पहिल्याने नीट ऐकलं नाही, हसण्यावारी नेलं, तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. पहिला माणूस चुकीचा निवडला गेला याचा अर्थ तुमचं दुःख चुकीचं असा होत नाही.

अजून एक, हे टोकाचं वाटणं लाटेसारखं असतं, चढतं आणि उतरतं. आतलं दुःख लगेच जात नाही, पण ते टोक काही मिनिटांचं, काही तासांचं असतं. तेवढा वेळ एकटं राहायचं नाही आणि धोक्याचं काही हाताशी ठेवायचं नाही, एवढंच त्या वेळचं काम.

थेट विचारलं तर आपणच डोक्यात कल्पना घातल्यासारखं होईल ना?

नाही होत. याचा बऱ्याच देशांत अभ्यास झालाय, विचारल्याने धोका वाढत नाही. कल्पना त्याच्या डोक्यात असेल तर आधीच आहे, नसेल तर तो "छे, काहीतरीच" म्हणेल आणि तुम्हाला बरं वाटेल.

पण विचारायचं कसं ते सांगते. आमच्याकडे "जिवाचं काही बरंवाईट तर करणार नाहीस ना?" असं विचारतात. हे चांगलं नाही, कारण त्यात उत्तर आपणच देऊन ठेवलेलं असतं, समोरचा "नाही गं" म्हणतो आणि विषय मिटतो. शांतपणे, बाजूला बसून, जमलं तर हातात काही काम असताना, शेंगा फोडताना, बांधावर, गाडीत, विचारा: "तुला मरून जावं असं वाटतं का? आत्महत्येचे विचार येतात का?" शब्द उच्चारा. "हो" म्हणाला तर घाबरून लगेच उपाय सांगू नका. म्हणा "बरं झालं सांगितलंस. कधीपासून?" आणि मग गप्प बसा. ते गप्प बसणं फार जड जातं, मला अजूनही जातं. पुढे विचारा की काही ठरवलंय का. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

काय बोलू नये?

तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक जगतात. आम्ही नाही का काढले दिवस. देवाचं नाव घे. आईचा विचार कर. एवढ्याशा गोष्टीसाठी? यातलं प्रत्येक वाक्य मी स्वतः कधी ना कधी कोणाला तरी बोललेय.

जो बोलून दाखवतो तो करत नाही म्हणतात.

चूक. अगदी चूक. गेलेल्यांपैकी कितीतरी जणांनी आधी बोलून दाखवलेलं असतं, फक्त आपल्याला नंतर कळतं की ते बोलणं होतं. दादाने महिनाभर आधी त्याची चांगली घोंगडी चुलतभावाला देऊन टाकली होती आणि आईला म्हणाला होता "तुझ्या मागचा व्याप आता कमी होईल". आम्हाला वाटलं तो कर्ज फेडायचं बोलतोय.

"कोणाला सांगू नकोस" अशी शपथ घातलीय. मोडू का?

मोडा. तो रागावेल, रागावायला तो असेल.

शेतकऱ्यांचं वेगळं असतं का? तिथे तर कर्ज हेच कारण ना?

कर्ज हे कारण असतं आणि एकटं कर्ज हे कारण नसतं, दोन्ही एकदम खरं आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशात १,७०,९२४ लोक आत्महत्येने गेले आणि त्यात सगळ्यात जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात. शेतकरी आणि शेतमजूर मिळून देशात ११,२९० होते. एकूण आकड्यात रोजंदारीवर जगणारे चौथ्या हिस्स्याहून जास्त, आणि बायकांमध्ये बघितलं तर निम्म्याहून अधिक गृहिणी, ज्यांच्या नावाने ना आंदोलन होतं ना पॅकेज निघतं.

विदर्भ-मराठवाड्यात काय होतं ते आतून सांगते. पाऊस नाही किंवा नको तेव्हा येतो, बोंडअळी येते, सोयाबीनचा भाव पडतो, सोसायटीचं कर्ज थकलं की नवीन मिळत नाही, मग सावकार. यात पैसे कमी पडतात ते पडतातच, पण जे माणसाला आतून खातं ते म्हणजे तगादा. पारावर बसलं की कोणी तरी विचारणार, लग्नाला गेलं की कोणी तरी विचारणार, म्हणून तो जाणंच बंद करतो. मग घरातही बोलणं बंद. लाज. मला विचाराल तर दादाला कर्जापेक्षा लाजेने जास्त पोखरलं, आणि ती लाज त्याने स्वतः तयार केलेली नव्हती, आपण सगळ्यांनी मिळून त्याच्या अंगावर टाकली होती.

आणि मग "पात्र-अपात्र". ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना हे दोन शब्द कळतील. सरकारची एक लाखाची सानुग्रह मदत आहे, ती मिळायची तर नापिकी हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा हवा. दादाचं कर्ज बिगरपरवाना माणसाकडचं होतं म्हणून आमची केस अपात्र. पैशाचं दुःख झालं नाही असं नाही, वहिनीला दोन लेकरं होती, पण त्या कागदावर "अपात्र" वाचताना असं वाटलं की माझ्या भावाचं मरणसुद्धा परीक्षेत नापास झालं. १९ मार्चला दरवर्षी बरेच लोक शेतकऱ्यांसाठी एक दिवस अन्नत्याग करतात, मीही करते. त्या दिवशी मी पात्र आणि अपात्र दोघांसाठी उपाशी असते.

यातून दोन गोष्टी कळतात असं मला वाटतं. एक, व्यवस्थेला दोष देताना माणसाच्या मनाकडे बघायचं विसरायचं नाही, "भाव द्या सगळं थांबेल" हे अर्धं आहे. दोन, समुपदेशनाच्या नावाखाली भाव आणि पाणी विसरायचं नाही, पोटात आग असलेल्याला नुसतं श्वासाचे व्यायाम शिकवणं हा अन्याय आहे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली तर १९९५ नंतर तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आलं. त्या लोकांची दुःखं संपली नव्हती. फक्त त्या एका वाईट तासात हाताशी मरण नव्हतं, आणि तो तास निघून गेला. म्हणून शेतकरी घरांना मी हात जोडून सांगते, फवारणीचं औषध घरात नको, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे.

प्रयत्न केला आणि वाचला, आता पोलिस केस होईल का?

पूर्वी भारतीय दंड संहितेत ३०९ कलम होतं, आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा, एक वर्षापर्यंत शिक्षा. ऐंशीच्या दशकात मुंबई हायकोर्टाने एका हवालदाराच्या केसमध्ये ते घटनाविरोधी ठरवलं, १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तसंच म्हटलं, १९९६ मध्ये मोठ्या खंडपीठाने ते पुन्हा जागेवर आणलं. मग २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, २०१८ पासून लागू, त्याचं ११५ कलम सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायचं, शिक्षा करायची नाही, उलट सरकारने त्याच्यावर उपचार करायचे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ नाहीच. सरकारी नोकराला त्याचं काम करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा २२६ मध्ये ठेवलाय.

दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जातं, जबाब होतो, त्याला घाबरून उपचाराला उशीर करू नका. कुठलाही डॉक्टर "आधी पोलिस" म्हणून तातडीचा उपचार नाकारू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच हे सांगितलंय. आणि वाचलेल्या माणसाला घरी आणल्यावर "नाक कापलंस आमचं" म्हणू नका. पुढचे काही महिने सगळ्यात नाजूक असतात.

माझ्यामुळे झालं का? त्या दिवशी मी फोन उचलला नव्हता.

मीही उचलला नव्हता. परीक्षा होती, मोबाइल सायलेंटवर होता, तीन मिस्ड कॉल.

या प्रश्नाचं उत्तर "नाही, तुमचा काही संबंध नाही" असं लोक देतात आणि ते आपल्या मनाला पटत नाही, म्हणून मी ते देत नाही. कदाचित तुम्ही फोन उचलला असता तर ती संध्याकाळ टळली असती. कदाचित नसती. जे तुम्हाला आज माहीत आहे ते त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि न माहीत असलेल्या गोष्टीसाठी माणूस हळहळू शकतो, गुन्हेगार होऊ शकत नाही. तुम्ही त्याचे आधीचे किती फोन उचलले होते तेही मोजा ना. एक माणूस एका फोनवर जगत किंवा मरत नाही, शंभर दोरे असतात, त्यातला एक तुमच्या हातात होता.

मला हे पटायला आठ वर्षं लागली. अजूनही काही रात्री पटत नाही.

मला त्याचा राग येतो. गेलेल्याचा राग येणं बरोबर आहे का?

येऊ दे. वहिनीने वर्षभराने त्याचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला होता, आई खूप रडली, मग दिवाळीला वहिनीनेच परत लावला. प्रेम असलं तरच इतका राग येतो.

काही जणांना सुटल्यासारखंही वाटतं, विशेषतः घरात बरीच वर्षं आजार, दारू, धमक्या चालू असतील तर. तेही कोणी बोलत नाही आणि तेही पाप नाही.

लहान मुलांना काय सांगायचं?

खरं, पण त्यांना पेलेल तेवढं. "बाबा देवाघरी गेले" म्हटलं की पोर म्हणतं मग परत कधी येणार, आणि "हार्ट अटॅक" म्हटलं की शाळेत कोणी तरी खरं सांगतंच. आम्ही पुतण्याला सहाव्या वर्षी सांगितलं की बाबाच्या मनाला खूप मोठा आजार झाला होता, त्या आजारात त्याला वाटलं की जगणं शक्य नाही आणि त्याने स्वतःचा जीव घेतला, तुझी काही चूक नव्हती, आणि तुला असं कधी वाटलं तर आपण डॉक्टरकडे जाऊ. त्याने दोनच प्रश्न विचारले. बाबाला दुखलं का, आणि आत्याला पण तो आजार होईल का. वाढत्या वयात तेच प्रश्न पुन्हा येतात, पुन्हा उत्तर द्यायचं.

भेटायला जायचंय, काय बोलू?

कारण विचारू नका. "चिठ्ठी होती का" तर मुळीच नाही. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी चांगली आठवण सांगा, कारण अशा मरणानंतर लोक नावच घ्यायचं बंद करतात जणू तो कधी नव्हताच. डबा घेऊन जा. तेराव्यानंतर जा, तेव्हा कोणी नसतं.

विधी करायचे का? गुरुजी म्हणतात नारायणबली केल्याशिवाय गती नाही.

मनाला समाधान मिळत असेल तर करा, परवडत नसेल तर कर्ज काढून करू नका. कर्जाने गेलेल्या माणसाच्या गतीसाठी कर्ज काढायचं हे मला बघवत नाही. तुकोबांच्या घरात १६३० च्या दुष्काळात बायको गेली, पोरगा गेला, दुकान बुडालं, आणि तो माणूस डोंगरावर जाऊन देवाशी भांडला, शिव्या घातल्या, रडला. विठ्ठलाने त्यांना भांडल्याबद्दल दूर लोटलं असं कोणी म्हणत नाही. तुम्हालाही भांडता येईल, पूजा बंद करावीशी वाटली तर करा, परत सुरू करावीशी वाटली तर तेव्हा करा.

असाध्य आजारातलं इच्छामरण यातच येतं का?

नाही, तो वेगळा विषय आहे. केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या २०११ च्या निकालानंतर आणि २०१८ च्या निकालानंतर उपचार थांबवण्याबद्दल आधीच लिहून ठेवता येतं, त्याचे नियम आहेत, डॉक्टरांची मंडळं असतात. मन आजारी असताना मागितलेलं मरण आणि हे, एका तराजूत घालू नका.

आता इतक्या वर्षांनी तुम्ही बऱ्या आहात का? त्याच्या वाढदिवसाला काय करता?

बरी आहे. जुलैत त्याचा वाढदिवस असतो, पेरण्या उरकलेल्या असतात. मी गावी जाते, वहिनी पुरण घालते कारण त्याला आवडायचं, पुतण्या आता दहावीला आहे, तो आणि मी बांधावरून चालत विहिरीपर्यंत जातो. गेल्या वर्षी जाताना मी त्याला विचारलं, तुला कधी तसे विचार येतात का. शब्द उच्चारून विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, मार्चमध्ये एकदा आले होते आत्या, मी आईला उठवलं होतं.